खोक्यावर ‘१० वॅट’, आत एकच पेन्सिल सेल

पोर्च आणि बागेसाठी घेतलेला सहा शोभेच्या सोलर कंदिलांचा संच. खोक्यावर छापलेलं: १० वॅट, रात्रभर उजेड, आयपी६५, अस्सल पितळ. पहिल्या संध्याकाळी उजेड कंदिलाच्या बुडापलीकडे गेला नाही आणि नऊच्या सुमारास सगळे विझले.

तक्रारीवर विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं असतं: ‘बटण चालू ठेवून आठ दिवस उन्हात ठेवा, बॅटरी सेट होईल.’ बटणाचं खरं आहे. बऱ्याच कंदिलांत ते बंद असेल तर सेल चार्जच होत नाही. आठ दिवसांची मेख वेगळी. माल परत करायची मुदत सातच दिवसांची होती.

झाकणाचे स्क्रू काढले की सगळं उघडं पडतं. पॅनेल ३ बाय ३ सेंटिमीटर. भर उन्हात एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट पडतात आणि चांगलं पॅनेल त्यातला पाचवा हिस्सा वीज करून देतं. म्हणजे या ९ चौरस सेंटिमीटरचे फार तर ०.१८ वॅट. सेल १.२ व्होल्ट, ६०० एमएएच (मिलिअँपिअर-तास, सेलच्या साठवणीचं माप), म्हणजे ०.७२ वॅट-तास. त्यातून खरोखर १० वॅट ओढले तर चार-साडेचार मिनिटांत खेळ खलास! सेलवरच्या वेष्टनावरही भरवसा नको. २००० एमएएचचा खरा डबल-ए (पेन्सिल) सेल २६ ते ३० ग्रॅम भरतो. तोच आकडा छापलेला सेल १४ ग्रॅमचा निघाला तर वेष्टन खोटं.

‘आयपी६५’ म्हणजे धूळबंद आणि पाण्याची धार सोसणारा. इथे सेलच्या कप्प्याला रबराची कडीच नव्हती, वायरीचं भोकही उघडं. पितळाचा निकाल चुंबकाने लागतो. चिकटला तर आत लोखंडी पत्रा, वर मुलामा.

एक मात्र विक्रेत्याच्या माथी मारू नये. अशा कंदिलांत अंधार ओळखायचं काम बहुधा पॅनेलच करतं, त्यामुळे पोर्चचा दिवा जवळ असेल तर चांगला कंदीलही लागत नाही. आणि छताखाली टांगला तर चार्ज कशावर होणार?

खोकं फोडण्यापासून झाकण उघडेपर्यंतचा व्हिडिओ सलग, न थांबवता काढावा. पॅनेलवर मोजपट्टी, सेलवरचा आकडा आणि खोक्यावरचा दावा तिन्ही त्यात दिसायला हवेत. तक्रार पहिल्याच दिवशी लेखी, याच आकड्यांसह. ‘उजेड कमी वाटतो’ एवढंच लिहिलं की आठ दिवसांचं उत्तर येणारच.

मुदत टळून गेली असेल तर निदान सेल बदलावा: १.२ व्होल्ट, निकेल-मेटल हायड्राइड (पुन्हा चार्ज होणारा), त्याच आकाराचा, ६०० ते ८०० एमएएच. त्याहून मोठा घेतला तर एवढंसं पॅनेल तो भरणारच नाही. साधा अल्कलाइन सेल चार्ज होताना गळतो आणि कप्प्यातल्या धातूच्या पट्ट्या गंजवतो; ३.७ व्होल्टचा लिथियम तर त्या कप्प्यात मुळीच घालू नये.