१२८ जीबी रॅम आणि ‘बंद करू नये’चं स्टिकर

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ तापते दिवस, लागून तीन दिवस झाले होते. २७ मे, दुपारचे अडीच. गांधीबागेत लाईट गेली. नागपुरात मे महिन्यात लाईट जाणं ही काही बातमी नव्हे. यूपीएस वीस मिनिटं खेचतो, तेवढ्यात येते. त्या दिवशी पाऊण तास आली नाही. आल्यावर सर्व्हर चालू केला, बिलिंगला बसणाऱ्या पोराने पासवर्ड टाकला आणि थोड्या वेळाने माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

‘‘दादा, दोन तारखेनंतरची बिलंच दिसून नाही राहिली.’’

उठून पाहिलं. चालू बिलांचा तक्ता होता. रकाने जागच्या जागी होते: बिल नंबर, पार्टी, बॅच, एक्स्पायरी, नग, स्कीम. खाली एक ओळ नाही. कपाट उघडावं, कप्प्यांवर चिठ्ठ्या तशाच असाव्यात आणि आत गोळी नसावी, तसं.

माझा औषधांचा होलसेलचा धंदा आहे. काटोल, सावनेर, उमरेड, रामटेक, भंडारा इथल्या मेडिकलवाल्यांना माल जातो. अकरा वर्षांचा हिशोब एका जुन्या सर्व्हरवर होता, फिरत्या हार्ड डिस्कवर. महिन्याच्या शेवटी एक्स्पायरीचा रिपोर्ट काढायला सात मिनिटं लागायची आणि तेवढा वेळ काउंटरवरची बिलं अडकायची. हे रडगाणं मी कुणाकुणापुढे गायलो असेन. त्यातूनच फेब्रुवारीत नवा सर्व्हर विकायला ‘तो’ आला. नाव लिहीत नाही, वकिलाने तसं सांगितलंय.

माणूस बोलायला गोड. ‘‘भाऊ, एकेका पेटीसाठी पोऱ्याला गोडाऊनला पळवता का? चालता माल काउंटरवरच ठेवता ना? मग डेटा डिस्कवर कशाला? मेमरीत ठेवा.’’ मग ‘इन-मेमरी’ हा शब्द. मोठ्या कंपन्या सॅपचं हाना नावाचं डेटाबेस सॉफ्टवेअर वापरतात, ओरॅकलनेही २०१४ मध्ये तशी सोय दिली, मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्येही त्याच वर्षी आली. यातलं काहीच खोटं नव्हतं, हे नंतर कळलं. फिरत्या डिस्कवरची एक नोंद शोधायला दहाएक मिलिसेकंद जातात, रॅममधली, म्हणजे मशीनच्या मेमरीतली, नॅनोसेकंदांत हाती येते. लाखपटीचा फरक आहे. खऱ्याच्या पुड्यात बांधून दिलं म्हणून तर मी घेतलं.

डेमो माझ्याच दुकानात झाला. दोन मशीन शेजारी. ‘कम्पॅरिझन फेअर व्हावं’ म्हणून त्याने आधी जुना सर्व्हर रिस्टार्ट केला. रिपोर्टला सात मिनिटं चाळीस सेकंद. नव्यावर चार सेकंद. मुनीमजींनी टाळी वाजवायचीच बाकी ठेवली होती. त्या रिस्टार्टमध्येच सगळी मेख होती. रिस्टार्ट केल्यावर जुन्या मशीनची मेमरी कोरी होते, एकूण एक पान डिस्कवरून वाचावं लागतं. नव्या मशीनवर मात्र मी तर्री पोहे सांगायला उठलो तेव्हा त्याने तोच रिपोर्ट एकदा काढून ठेवला होता, सगळं आधीच मेमरीत येऊन गरम. नंतर आम्ही जुन्या सर्व्हरवर तोच रिपोर्ट लागोपाठ दुसऱ्यांदा काढून पाहिला. सव्वा मिनिट.

एकूण बिल ६ लाख ८० हजारांचं. त्यात डेटाबेसच्या ‘स्टँडर्ड’ लायसन्सचे २ लाख ४० हजार. बाकी मशीन, १२८ जीबी रॅम, एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) आणि ‘इन-मेमरी मायग्रेशन’ नावाची ओळ, जिच्यात नेमकं काय येतं ते मी विचारलं नाही. पाच लाख आधी दिले.

एप्रिलच्या मध्यात काम सुरू झालं. जाताना त्याने सर्व्हरवर लाल अक्षरांचं स्टिकर लावलं: ‘बंद करू नये’. मला ते काळजीचं लक्षण वाटलं. एसीच्या रिमोटवर लावतात तसलं काहीतरी.

लाईटच्या त्या प्रकारानंतर त्याला फोन केला. ‘‘भाऊ, लाईट गेली त्यात माझा काय दोष? मेमरी आहे ना ती, लाईट गेली का जाणारच.’’ फेब्रुवारीत हे वाक्य त्याच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. पुढच्या आठवड्यात फोन बंद, धरमपेठेतल्या भाड्याच्या टेबलावर दुसराच माणूस.

माझा भाचा पुण्याला याच कामात आहे. तो रात्रीच्या गाडीने आला. आधी त्याने टास्क मॅनेजर उघडून दाखवला: एकूण मेमरी १२८ जीबी, वापरात ७. ‘‘मामा, लायसन्स कुठलं घेतलं?’’ मी बिल दाखवलं. त्याने एका ओळीची आज्ञा टाइप केली आणि डेटाबेसने स्वतःचं नाव सांगितलं: एसक्यूएल सर्व्हर २०१९, एक्स्प्रेस. ही मायक्रोसॉफ्टची फुकट आवृत्ती. रॅम कितीही टाका, डेटा मेमरीत धरायला ती १,४१० एमबीपेक्षा जास्त वापरत नाही. इन-मेमरी तक्त्यांना प्रत्येक डेटाबेसमागे वेगळे ३५२ एमबी मिळतात, बस. माझा अकरा वर्षांचा डेटा मुळात ८ जीबीच्या आसपास. म्हणजे गरज नसलेली रॅम विकली, ती वापरू न शकणारं सॉफ्टवेअर बसवलं आणि फुकटच्या वस्तूचे २ लाख ४० हजार लावले. मशीन पळत होती ती एसएसडीमुळे. ते काम पन्नास-साठ हजारांत झालं असतं.

पण पैशांपेक्षा जिव्हारी लागलं ते पुढचं. इन-मेमरी तक्ता बनवताना डेटाबेस विचारतो की लाईट गेल्यावर काय टिकवायचं. मुद्दाम काही सांगितलं नाही तर तो नोंदी आणि ढाचा (म्हणजे रिकामे रकाने) दोन्ही टिकवतो, म्हणजे प्रत्येक नोंदीची खूण डिस्कवरच्या लॉगमध्ये, म्हणजे रोजनाम्यातही लिहितो. हानाही तेच करतं, वर दर पाच मिनिटांनी मेमरीतला माल डिस्कवर उतरवून ठेवतं. दुसरा पर्याय फक्त ढाचा टिकवण्याचा. तो तात्पुरत्या हिशोबासाठी असतो, जो गेला तरी पुन्हा काढता येतो. या गृहस्थाने माझ्या चालू बिलांसाठी हा दुसरा पर्याय निवडला, कारण त्यात लॉग लिहिण्याचा वेळ वाचतो आणि बिल जरा लवकर सेव्ह होतं.

मग रोज रात्री बिलं डिस्कवर उतरवायला त्याने एक छोटं काम लावलं होतं, तेही ‘युजर लॉगिन असेल तरच चालव’ असं. २ मेला त्याने आपलं रिमोट लॉगिन बंद केलं. तेव्हापासून पंचवीस दिवसांची बिलं फक्त विजेच्या जोरावर उभी होती. मी रोज तिथे उदबत्ती फिरवत होतो.

उलाढाल पाच कोटींच्या वर असल्यामुळे जीएसटीचं ई-इन्व्हॉइस लागू आहे, म्हणून पार्टी आणि रकमा पोर्टलवरून परत मिळाल्या. बॅच नंबर आमचं सॉफ्टवेअर तिकडे पाठवतच नव्हतं. ते गाडीवाल्या पोरांनी सही घेऊन आणलेल्या प्रतींवरून टाइप केले. काही प्रती घामाने चिकटून दोनाच्या एक झाल्या होत्या. गोडाऊनमध्ये चार रात्री स्टॉक मोजला. ११ जूनचं जीएसटी रिटर्न कसंबसं गेलं.

तक्रारीला गेलो तर ‘बिलावर झालेला व्यवहार आहे, सिव्हिल मॅटर’ असं उत्तर मिळालं. ग्राहक आयोगाचं विचारलं तर वकील म्हणाले, धंद्यासाठी वस्तू घेणाऱ्याला २०१९च्या कायद्यात सहसा ग्राहक धरत नाहीत. नोटीस पाठवली, ‘पत्त्यावर आढळून आले नाहीत’ म्हणून परत आली.

ऐकतो की तो आता कळमन्याकडे धान्यवाल्यांना डेमो देऊन राहिला आहे, गोडाऊन-काउंटरचा तोच दृष्टांत घेऊन. तुमच्याकडे आला तर जुनी मशीन त्याला रिस्टार्ट करू देऊ नका, दोन्हीवर रिपोर्ट दोनदा काढा. लायसन्सचं नाव बिलावर वाचू नका, डेटाबेसलाच विचारायला लावा. आणि शेवटचा चेक द्यायच्या आधी दहा बिलं बनवा आणि त्याच्यासमोर सर्व्हरचा प्लग ओढा. मशीन परत सुरू झाली की ती दहाही बिलं मोजा, बॅच नंबरासकट.