एमआरपीच्या खाली विकलं म्हणून अनामत कापली

सोलापूरच्या नवी पेठेत माझं मिक्सर-कुकरचं छोटं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी एका डिस्ट्रिब्युटरनं ५० हजार अनामत घेऊन मिक्सरची डीलरशिप दिली. "मालक, छापील किमतीच्या खाली विकायचं नाही हं. सरकारी नियम आहे, आमच्या हातात काही नाही," असं त्याचा माणूस सही घेताना म्हणाला. मी विश्वास ठेवला. चार पानी करार वाचायचा राहिला.

गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत एक तरुण आला. बहिणीच्या लग्नात मिक्सर द्यायचाय, पैसे थोडे कमी पडतायत, म्हणाला. ३,४९९ चा मिक्सर मी ३,२०० ला दिला. त्यानं पक्कं बिल मागितलं आणि काउंटरवर नीट पसरून मोबाईलनं त्याचा फोटो काढला. तेव्हाच खटकायला हवं होतं. चौथ्या दिवशी फोन आला, "रेट तोडलात." अनामतीतले १५ हजार कापले, वर माल बंद. ते गिऱ्हाईक त्यांनीच पाठवलेलं होतं.

वकिलांनी सांगितलं तेव्हा डोळे उघडले. एमआरपी ही कमाल किंमत. तिच्यावर रुपया जास्त घेतला तर वजनमापे खात्याचा दंड. खाली विकायला कसलीच बंदी नाही. उलट स्पर्धा कायदा, २००२ चं कलम ३(४) अशाच करारांबद्दल आहे. पुढं विकायचा दर बांधून दिला, 'यापेक्षा कमी दरानं विकता येईल' असं स्पष्ट लिहिलं नाही आणि त्यानं बाजारातल्या स्पर्धेला मोठी बाधा येत असेल, तर तो करार बेकायदा ठरतो. डीलरांना सवलत देऊ दिली नाही म्हणून २०२१ मध्ये स्पर्धा आयोगानं मारुती सुझुकीला २०० कोटींचा दंड लावला. तिथंही खोटी गिऱ्हाइकं पाठवून डीलर तपासले जायचे, असं आदेशात आहे. कंपनी पुढं अपिलात गेली.

पण एका गावातल्या डिस्ट्रिब्युटरमुळं बाजारातली स्पर्धा बिघडली, हे सिद्ध करणं अवघड, हेही वकिलांनी स्वच्छ सांगितलं. म्हणून फक्त अनामतीसाठी नोटीस पाठवली. पोचपावती आली, पैसे अजून नाहीत.

गेल्या महिन्यात दुसऱ्या कंपनीचा माल घेतला. 'सरकारी नियम' हा शब्द निघताच कलम कोणतं ते विचारलं. कंपनीचा माणूस गप्प झाला. मग करारावर मी पेनानं लिहिलं, 'कमी दराने विकण्यास मुभा राहील', आणि त्याखाली आधी त्याची सही घेतली.