चुंबक चिपकलं नाही, आणि मी फसलो

गेल्या वर्षी मार्चमध्ये आमच्या टिनाच्या जुन्या कूलरचा तळ पार सडला. आता घ्यायचा तर स्टीलचाच, असं ठरवून इतवारी बाजाराकडे गेलो. दुकानदाराने भाव सांगायच्या आधी खिशातून चुंबक काढलं. टिनाच्या कूलरला लावलं, टक्कन बसलं. स्टीलच्या टाकीला लावलं, घसरून खाली पडलं.

"पाहा काकाजी, चिपकते का? नाही न? मंग! तीनशे चार नंबरचं स्टेनलेस आहे हे. जिंदगीभर जंग नाही लागत."

मोटरच्या वाइंडिंगच्या, म्हणजे आत गुंडाळलेल्या तारेचा एक तुकडाही दाखवला. त्यालाही चुंबक चिपकलं नाही. "प्युअर कॉपर!" मी साडेअठरा हजार मोजले. बिलावर फक्त "स्टील कूलर" लिहिलं होतं, तिकडे लक्षही गेलं नाही.

जून संपता संपता टाकीच्या कोपऱ्यात तांबूस ठिपके दिसले. आमचं बोअरचं पाणी जड, म्हणून मला तो क्षारच वाटला. ब्रशने घासलं तर ठिपका निघाला आणि खाली सुईच्या टोकाएवढा खड्डा. यंदा एप्रिलमध्ये पाणी भरलं आणि सकाळी खालची फरशी ओली. आठवडाभरात मोटरही जळाली. नागपूरच्या एप्रिलमध्ये!

ओळखीचा एक रेलिंगवाला टाकी पाहायला आला. त्याने घासलेल्या जागेवर एका बाटलीतल्या द्रवाचा थेंब टाकला आणि नऊ व्होल्टची बॅटरी टेकवली. काही सेकंदांत थेंब लालभडक. "हे दोनशे सिरीजचं हाय भाऊ. मँगनीज बोलून राहिलं."

त्याच्याकडून आणि मग स्वतः वाचून जे कळलं ते असं. रोजच्या वापरातल्या धातूंपैकी चुंबकाला जोरात ओढले जातात ते लोखंड, निकेल आणि कोबाल्ट. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम, जस्त, चांदी, सोनं यांना चुंबक लावून हाताला काहीच जाणवत नाही. गंमत स्टीलमध्ये आहे. 304 मध्ये लोखंडात साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. लोखंड चिपकतं, निकेलही चिपकतं, पण या मिश्रणात अणूंची मांडणीच बदलते आणि तयार झालेलं स्टील चिपकत नाही. निकेल महाग. म्हणून 200 सिरीजमध्ये ते कमी करून स्वस्त मँगनीज घालतात. मँगनीजनेही तीच मांडणी जमते, त्यामुळे चुंबक याच्यावरूनही तसंच घसरतं. गंज रोखायची ताकद मात्र कमी पडते. त्यात कूलर म्हणजे दिवसभर पाणी उडतं आणि क्षार टाकीत साचत जातात. पाण्यातलं क्लोराइड नेमकं असं स्टील टोचून टोचून खातं.

उलट 430 नावाचं बिननिकेलचं स्टील चुंबकाला मस्त चिपकतं, आणि तेही स्टेनलेसच. खरं 304 सुद्धा जिथे वाकवलेलं असतं, त्या काठावर थोडं ओढलं जातं. म्हणजे त्या दुकानातला तो सगळा खेळ एवढंच सांगत होता की हा टिनाचा पत्रा नाही. तेवढं तर मलाही दिसत होतं.

मोटरचं तर हसूच आलं. रिवाइंडिंगवाल्याने जळालेल्या वाइंडिंगची तार ब्लेडने खरवडली. वरचा तांबूस वार्निश गेला आणि आत पांढरीशुभ्र तार. ॲल्युमिनियम! तांबं त्याच्या तिपटीहून जड असतं, त्यामुळे तारेचं वेटोळं हातात घेतलं तरी फरक कळतो. चुंबकाला दोन्ही सारखेच परके.

दुकानात गेलो तर तो शांतपणे म्हणाला, "काकाजी, तुमच्यासमोर चुंबक लावूनच दिलं होतं न?" आणि बिलावर 304 नव्हतं, कॉपरही नव्हतं. 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, तिथेही पहिला प्रश्न बिलाचाच.

दुसऱ्या कूलरसाठी तीन दुकानं फिरलो. "बिलावर 304 आणि कॉपर वाइंडिंग लिहून द्या," म्हटल्यावर दोघांनी विषय बदलला. तिसऱ्याने लिहून दिलं, टाकीच्या तळाला थेंब टाकू दिला आणि चार हजार जास्त घेतले. थेंब लाल झाला नाही. जुन्या टाकीत आता बायकोने कढीपत्ता लावलाय. तळाला भोकं आहेतच, पाणी आपोआप निघून जातं.