सांगलीहून आणलेलं फिरतं खुराडं कोकणात कसं चाललं

६ फूट लांब, ४ फूट रुंद, जीआय पाइपची चौकट, वर रंगीत पत्रा, एका बाजूला दोन चाकं आणि पुढे जोडलेला १० फुटांचा जाळीचा पिंजरा. सांगलीकडच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून हे तयार खुराडं मागवलं, टेम्पोने आंबा घाटातून उतरवलं. भाड्यासकट साडेबावीस हजार पडले. एक पूर्ण पावसाळा आणि एक उन्हाळा ते आमच्याकडे संगमेश्वर तालुक्यात उभं आहे. परसात कोंबड्या पाळणाऱ्या बायका मला फोन करून विचारतात, घेऊ का? म्हणून सविस्तर लिहिते.

आधी सांगते, खुराडं उत्तम आहे. पिंजरा आणि चाकं यांच्यासाठी मात्र पैसे घालू नका, निदान आमच्यासारख्या उताराच्या वाडीवर तरी नाही.

खुराड्याची खरी परीक्षा रात्री होते. आमच्याकडे कांडेचोर म्हणजे उदमांजर रात्री फिरतो, बाऊल म्हणजे रानमांजर तिन्हीसांजेला आणि पहाटे येतो, घूस जमीन पोखरून पिल्लं ओढते, धामण अंडी आणि पिल्लं गिळते. जुनं खुराडं जांभ्याचं होतं. सासूबाई रोज सांजावलं की तोंडाला फळी लावून तिला दगड टेकवत, तरी दर दोन-तीन महिन्यांनी एखादी तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, जायचीच. हे नवं आल्यापासून रात्री एकही कोंबडी गेलेली नाही. कारण दोन. खुराड्याचा तळ जमिनीपासून दीड फूट वर आहे, त्यामुळे पोखरून येणाऱ्याला वाट नाही. आणि भिंतीची जाळी अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्ड करून जोडलेली चौकोनी जाळी आहे, तीही जाड तारेची. बाजारात स्वस्त मिळते ती षट्कोनी जाळी कोंबडीला आत ठेवायला पुरते, बाहेरच्याला अडवत नाही. कुत्रा ती दाताने फाडतो. खुराडं घेताना जाळी बोटांनी दाबून बघा आणि वेल्डमेशच मागा. दाराची कडी मात्र नुसती वर उचलली की निघते. मी तिला स्प्रिंगचा हुक लावून घेतला.

विकणाऱ्याने ‘३० कोंबड्या बसतात’ असं सांगितलं होतं. बसतात, पण राहत नाहीत. मोठ्या कोंबडीला आत दीड ते दोन चौरस फूट जागा लागते. २४ चौरस फुटांत म्हणजे बारा ते सोळाच. रात्री बसायच्या दांड्यांचाही हिशोब करा. प्रत्येकीला ८ इंच धरले तर ६ फुटांच्या दोन दांड्यांवर अठरा मावतात. आमच्याकडे चौदा आहेत, नऊ गावठी आणि पाच वनराजा जातीच्या, आणि सगळ्या सुखाने झोपतात. गर्दी झाली की दुबळी कोंबडी टोचून टोचून उघडी पाडतात. ती जखम मग लवकर भरत नाही.

दांड्या गोल पाइपच्या होत्या आणि अंड्यांच्या खोक्यांच्याच उंचीवर. दोन्ही गोष्टी मी बदलल्या. कोंबडीला सर्वांत उंच जागी झोपायचं असतं. खोकी आणि दांडी एकाच उंचीला असली की निम्म्या कोंबड्या खोक्यांतच झोपतात, तिथेच घाण करतात आणि सकाळी अंडी बरबटलेली मिळतात. खोक्यांपेक्षा वीतभर वर, कडा तासून गोल केलेली दोन इंच रुंद लाकडी पट्टी बसवली तेव्हा अंडी स्वच्छ यायला लागली. जास्त उंच नेऊ नका. वनराजा ही हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने तयार केलेली जात, अंगाने भारी. सकाळी उंचावरून धपकन उतरताना तिचे तळवे दुखावतात आणि सुजतात. गावठीचं तसं नाही, ती फणसावरही चढून झोपेल. लाकडाच्या फटीत पिसवा लपतात, म्हणून पट्टी काढता-घालता येईल अशी बसवा. अधूनमधून रात्री बॅटरी घेऊन पट्टीची खालची बाजू बघा. दिवसा तिथे काही दिसत नाही.

खोकी तीन आहेत, बाहेरून झाकण उघडून अंडी काढता येतात. चौदा कोंबड्यांना तीन पुरतात. सासूबाईंना आता वाकावं लागत नाही, आणि मला या खुराड्यातली हीच गोष्ट सर्वांत जास्त आवडते. खालचा पत्र्याचा ट्रेही चांगला आहे. त्यात भाताचं तूस पसरते, आठवड्याला ओढून खड्ड्यात रिकामा करते. ताजी विष्ठा थेट झाडाला घालत नाही, मुळं जळतात. कुजली की माडांना जाते.

आता पाऊस. हे खुराडं देशावरच्या पावसाच्या अंदाजाने बांधलं आहे. छपराचा पत्रा भिंतीच्या बाहेर जेमतेम चार इंच येतो. आमच्याकडे जुलैत पाऊस आडवा मारतो, पश्चिमेकडून. पहिल्याच मोठ्या सरीत आतलं तूस भिजलं. ओलं तूस आणि विष्ठा यांतून अमोनिया सुटतो. सकाळी दार उघडल्यावर तुमच्या डोळ्यांत चुरचुरलं तर रात्रभर कोंबड्यांचं काय झालं असेल! शिवाय ओलीत रक्ती हगवणीचे जंतू वाढतात आणि पिल्लं पटापट जातात. यावर शेजारीपाजारी सगळे एकच उपाय सांगतात, निळी ताडपत्री चारी बाजूंनी गुंडाळा. तो करू नका. ताडपत्रीने पाऊस अडतो, पण हवाही अडते. चौदा कोंबड्यांच्या श्वासाची वाफ आत कोंडते, पत्र्याच्या आतून थेंब गळतात आणि अमोनिया तिथेच राहतो.

आम्ही दोन गोष्टी केल्या. खुराडं पूर्व-पश्चिम लांब उभं केलं. कोंबड्यांच्या घरासाठी पशुवैद्यही हीच दिशा सांगतात, लांब बाजूंवर सकाळ-संध्याकाळचं ऊन थेट येत नाही म्हणून. आमच्याकडे आणखी एक फायदा झाला. पश्चिमेला आखूड बाजू आली, तिथे फायबर-सिमेंटचा बोर्ड बसवून ती पूर्ण बंद केली. दुसरं, गावच्या वेल्डरकडून दोन्ही लांब बाजूंना दोन-दोन फूट पत्रा पुढे वाढवून घेतला. आता लांब भिंतींची वरची जाळी पावसाळ्यातही उघडी असते आणि आत कोरडं राहतं. या कामाला चार हजार लागले. ऑर्डर देतानाच सांगितलं तर सांगलीतच कमी पैशांत होईल. उन्हाळ्यासाठी पत्र्यावर झावळ्या टाका. एप्रिलमध्ये दुपारी कोंबड्या चोच उघडून धापा टाकायच्या, झावळ्यांनी ते थांबलं.

आता पिंजरा. कल्पना चांगली आहे. दर दोन-चार दिवसांनी खुराडं पुढे ढकलायचं, कोंबड्यांना नवं गवत मिळतं, जुन्या जागेला विश्रांती मिळते. सपाट मैदानावर हे छान चालेल. आमची जमीन म्हणजे जांभ्याच्या पायऱ्या. पिंजरा कुठेही ठेवा, एका कोपऱ्याखाली चार बोटांची फट राहतेच, आणि मुंगसाला तेवढी पुष्कळ होते. मुंगूस दिवसाढवळ्या शिकार करतं, रात्रीच्या कडीकुलपाचा त्याच्यापुढे काही उपयोग नाही. पिंजऱ्यातली कोंबडी पळूही शकत नाही. आमची एक वनराजा तशीच गेली. चाकं तर पावसात चिखलात रुततात, दोन माणसांनाही हलत नाहीत.

म्हणून कोंबड्या आता खुराड्यातून थेट परसात सुटतात. दहाच्या सुमाराला सोडते. बहुतेक अंडी सकाळीच पडतात, मग ती करवंदीत शोधत फिरावं लागत नाही. परसाचे दोन भाग केलेत. मध्ये मच्छीमारांची जुनी नायलॉनची जाळी बांधली आहे, ती बंदरावर स्वस्तात मिळते. तळाचा हातभर भाग वेल्डमेशचा ठेवा, कारण बारीक जाळ्यात साप अडकून मरतात. बिचाऱ्या धामणीने उंदीरही खाल्लेले असतात, तिला असं तडफडत मारू नये. एका भागातलं गवत संपलं की दुसरा उघडते. घारीसाठी वर जाळी लागत नाही. अडुळसा, करवंद, जास्वंद अशी बुटकी दाट झाडं असली की कोंबडा इशारा देतो आणि सगळ्या आत शिरतात. मोकळं, झाडून स्वच्छ केलेलं अंगण दिसायला सुंदर, पण कोंबडीसाठी सर्वांत धोक्याचं. मुंगसासाठी मात्र माणसाचा वावर आणि कुत्रा, याशिवाय मला दुसरा उपाय सापडलेला नाही. आमचा मोती दुपारभर तिथेच पडून असतो.

दाणा-पाणी खुराड्याच्या आतच ठेवा. बाहेर ठेवलं की कावळे, साळुंक्या जेवायला येतात. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला होता, तेव्हा किती कोंबड्या माराव्या लागल्या हे विसरू नका. रानपाखरांची आणि कोंबड्यांची थाळी एक नको. नव्या कोंबड्या आणल्यात तर आठवडाभर आतच ठेवा, मग संध्याकाळी त्या आपण होऊन परत येतात.

आमचा पिंजरा वाया गेलेला नाही. तो सोडवून पुढच्या सारवलेल्या अंगणात ठेवलाय, तिथे जमीन सपाट असल्याने फट राहत नाही. रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसवलेली कोंबडी पिल्लं घेऊन उतरली की पहिले काही आठवडे ती त्यात असते, आम्ही पडवीतून लक्ष ठेवतो.

ऑर्डर देणाऱ्यांनी नुसतं खुराडं मागावं. पिंजरा आणि चाकं वगळली तर पाच हजार कमी होतात, मी विचारून घेतलंय. त्या पैशांत दोन फुटांचं छप्पर, लाकडी पट्ट्या आणि पश्चिमेचा बोर्ड त्याच्याकडूनच करून घ्या. माल यायला तीन आठवडे लागतात, त्यामुळे एप्रिल संपायच्या आत सांगा.