हात लावू नका, डाग पडेल

फेब्रुवारी 2025 मध्ये आम्ही दोघं क्रूझवर गेलो. मुंबईहून कोची, तिथून लक्षद्वीप आणि परत. यांच्या निवृत्तीनंतरचा पहिला मोठा प्रवास. त्यात मी एका आरशापायी 6,200 रुपयांना फसले. रक्कम ऐकून कुणी म्हणेल, एवढंच ना. पण चौतीस वर्षं शाळेत पोरांच्या थापा पकडण्यात गेलेली बाई एवढी सहज कशी फसली, ते सांगण्यासारखं आहे. शिवाय इथून, ठाण्याहून, दर हंगामात बरीच मंडळी बॅगा ओढत बॅलार्ड पियरला जातात, म्हणून सगळं लिहून काढते.

निघायच्या आधीच मी ठरवलं होतं की फ्रिजवर चिकटवायची चुंबकं आणायची नाहीत. आमच्या फ्रिजच्या दारावर सिंगापूर, दुबई, शिमला, सगळे लोकांनी आणून दिलेले. नळ दुरुस्त करणाऱ्याचा नंबर अडकवायला उपयोगी पडतात, बाकी शून्य. जहाजावरच्या दुकानात कंपनीच्या नावाच्या टोप्या आणि कॉफीचे मग होते. ते घेऊन मी कुणाला सांगणार की ही कोचीची आठवण? मे महिन्यात पुतणीचं लग्न होतं. तिच्या रुखवतात ठेवता येईल असं काहीतरी, ज्याला त्या गावाचा वास आहे, असं मला हवं होतं. आणि ते काय, हेही मनात पक्कं होतं: आरन्मुळा कण्णाडी, म्हणजे केरळातल्या आरन्मुळाचा आरसा.

हे नाव मला कळलं ते आमच्या शेजारच्या चेचींमुळे (चेची म्हणजे मल्याळममध्ये ताई). आम्ही श्रीनगरला राहतो, अय्यप्पा मंदिराजवळ, त्यामुळे बिल्डिंगमध्ये मल्याळी घरं बरीच. चेची निवृत्त नर्स आहेत. दरवर्षी एप्रिलात त्यांच्याकडे विषु, म्हणजे मल्याळी नववर्षाचा सण, असतो. पहाटे डोळे मिटून उठायचं आणि पहिलं दर्शन घ्यायचं ते मांडून ठेवलेल्या ‘कणी’चं. उरुळीत, म्हणजे पसरट धातूच्या भांड्यात, तांदूळ, पिवळी काकडी, नारळ, आंबा, बहाव्याची फुलं, कृष्णाची मूर्ती, समई आणि मध्ये दांड्याचा एक छोटा आरसा. तो काचेचा नसतो, धातूचा असतो. पंपा नदीकाठच्या आरन्मुळा गावातली मोजकी कुटुंबं तांबं आणि कथील वितळवून तो ओततात आणि मग दिवसचे दिवस घासून चकचकीत करतात. धातूंचं नेमकं प्रमाण घराबाहेर सांगत नाहीत. आपल्याकडच्या काशाच्या वाटीचा हा चुलतभाऊच, पण कथील कितीतरी जास्त, म्हणून पडला तर काचेसारखा तुटतो. भौगोलिक मानांकनही आहे त्याला. आपल्याकडे गौरीपुढे फणी-करंडा-आरसा ठेवतात, तर त्यातला आरसा असा असावा, ही माझी कल्पना. चेचींना आधी विचारलं नाही. त्यांनाही चकित करायचं होतं ना!

जहाज कोचीला लागलं तो शुक्रवार होता. विलिंग्डन बेटावर उतरायचं आणि पाचच्या आत परत चढायचं. जहाजाची सहल महाग वाटली म्हणून आम्ही बाहेर येऊन गाडी ठरवली. आठशे रुपयांत फोर्ट कोची, मट्टनचेरी फिरवून परत सोडणार. आठशे! हे म्हणालेसुद्धा, ‘‘याला यात परवडतं कसं?’’ मी म्हटलं, ‘‘सगळंच काय मुंबईच्या भावाने मोजता.’’ त्याला कसं परवडतं ते पुढे कळलंच.

ड्रायव्हर गोड माणूस. मासेमारीची चिनी जाळी दाखवली, सेंट फ्रान्सिस चर्च दाखवलं. 1524 मध्ये वास्को द गामाला तिथे पुरलं होतं आणि नंतर अवशेष पोर्तुगालला नेले, हे त्याने नीट सांगितलं. मग म्हणाला, ‘‘मॅडम, पॅलेस आज बंद है, फ्रायडे.’’ मला वाटलं, झालं, सुरू झाली याची टोलवाटोलवी. मोबाइलवर बघितलं तर मट्टनचेरीचा राजवाडा खरोखरच शुक्रवारी बंद असतो. मला त्याच्यावर शंका घेतल्याची लाज वाटली. तिथून पुढे मी त्याचं एकही वाक्य तपासलं नाही.

‘‘मग तेवढ्या वेळात एम्पोरियम दिखाता हूं, लेना जरूरी नहीं, सिर्फ देखो.’’

पहिल्या दुकानात काश्मिरी शाली. कोचीत काश्मिरी शाली! विक्रेत्याने अंगठीतून शाल ओढून दाखवली आणि पश्मिना म्हणून अठरा हजार सांगितले. आता हा खेळ मी गडकरी रंगायतनच्या आसपासच्या प्रदर्शनांत इतक्या वेळा पाहिला आहे की हसू आलं. अंगठीतून पातळ व्हिस्कोजची ओढणीही जाते. मी नमस्कार करून बाहेर पडले. गाडीत बसल्यावर यांना म्हटलंही, ‘‘आपण काही कालचे नाही.’’ माझा खरा घात इथे झाला. एक सापळा ओळखला म्हटल्यावर दुसऱ्यात पाय टाकताना मी खाली बघितलंच नाही.

दुसरं दुकान ज्यू टाऊनच्या अलीकडे. 1568 सालचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, पाहायला जायचं होतं, त्याच्या वाटेवरच. आत शिरल्याबरोबर, ‘‘या ताई, बसा, पाणी घ्या.’’ शुद्ध मराठीत. म्हणे काही वर्षं डोंबिवलीत होता. त्याचं निम्मं काम तिथेच झालं.

मी आपण होऊन आरशाचं नाव काढलं. (हेही चुकलंच. काय हवं आहे आणि कशासाठी, दोन्ही मीच सांगून टाकलं. पुतणीचं लग्न, रुखवत, सगळं.) त्याने कपाटातून लाल मखमलीची डबी काढली. पितळी चौकट, वर नक्षी, मागे लाखेचा काळा थर, हातात घेतल्यावर चांगला जड. मी आरशावर बोट टेकवणार तेवढ्यात त्याने माझा हात हळूच अडवला. ‘‘ताई, हात लावू नका, डाग पडेल. घामाने पॉलिश जातं. मऊ सुती कापडानेच पुसायचा.’’

हे वाक्य लक्षात ठेवा. ते शंभर टक्के खरं आहे. अस्सल आरन्मुळा आरशाला बोट लावत नाहीत, ओल त्याला मानवत नाही. चेचीसुद्धा तेच सांगतात. त्या माणसाने ही खरी माहिती दिली, म्हणून मला वाटलं, जाणकार आहे. आणि त्याच वाक्याने त्याने मला एकमेव सोपी परीक्षा करण्यापासून थांबवलं. पुढे मी यावर बराच विचार केला. शाळेत खोटं बोलणारी पोरं सगळंच खोटं बोलायची, म्हणून सापडायची. इथे ड्रायव्हरपासून दुकानदारापर्यंत दिवसभर सगळे आमच्याशी खरं बोलत होते. एक वस्तू सोडून.

भाव साडेनऊ हजार. मग ‘‘जहाजवाल्यांसाठी’’ आठ. ड्रायव्हर दारातून घड्याळ दाखवत होता, साडेतीन झाले होते. शेवटी सहा हजार दोनशे. सोबत चमकणाऱ्या स्टिकरचं प्रमाणपत्र. यांनी यूपीआयने पैसे भरले तेव्हा पडद्यावर दुकानाचं नाव नाही, कुणा माणसाचं नाव आलं. ‘‘मालकांचं खातं आहे.’’ बरं. बिल घडी घालून डबीत सरकवलं. तिथेच चंदनाचा एक चिमुकला गणपती बाराशेला घेतला. त्याचा वास महिन्याभरात उडाला आणि खाली साधं लाकूड उरलं, पण त्या दुःखात मी पडत नाही. बाहेरच्या साध्या दुकानातून घेतलेली मिरी आणि वेलची मात्र फर्मास निघाली. सबंध प्रवासातली तीच एक खरेदी चोख, आणि तिच्यासोबत कुणी गोष्ट सांगितली नव्हती.

(लक्षद्वीपच्या किनाऱ्यावर प्रवाळाचे तुकडे उचलू नका असं सगळ्यांना बजावलं होतं. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली तो गुन्हा आहे. तरी ऐरोलीच्या एका गृहस्थांनी मोज्यात दोन तुकडे लपवले. आठवण म्हणून! असली आठवण घरी आणण्यापेक्षा माझा खोटा आरसा बरा.)

13 एप्रिलच्या संध्याकाळी चेची कणी मांडत होत्या. घोडबंदर रोडच्या बहाव्याची फुलं त्यांच्या मुलाने आणली होती. मी पुतणीची लग्नपत्रिका आणि माझी लाल डबी, दोन्ही घेऊन गेले. ‘‘चेची, यंदा माझाही आरसा कणीत ठेवा.’’

त्यांनी डबी उघडली. त्यांचा आरसा शेजारी होता, आईकडून आलेला, कडेला थोडा मंदावलेला. माझा त्याच्यापेक्षा जास्त चकचकत होता. त्या काही बोलल्या नाहीत. जरा वेळाने विचारलं, ‘‘टीचर, कितीला दिला?’’ मी आकडा सांगितला. त्यांनी माझ्या हातातली पत्रिका घेतली आणि तिचा कोपरा स्वतःच्या आरशावर अलगद टेकवला. ‘‘बघा.’’ कागदाचं टोक आणि आतलं टोक एकमेकांना नाकाला नाक लावल्यासारखी भिडली होती. मग तोच कोपरा माझ्या आरशावर. कागदाचं टोक इथे आणि प्रतिबिंबाचं टोक पलीकडे. मध्ये फट. उरुळीतला तांदळाचा दाणा आडवा बसेल एवढी.

‘‘काच आहे, टीचर.’’

काचेच्या आरशात चमकणारा थर मागे असतो, म्हणून काचेच्या जाडीमुळे ती फट दिसते. धातूच्या आरशात प्रतिबिंब वरच्या पृष्ठभागावरच उमटतं. बोट लावायची गरजच नाही, कागदाचं टोक पुरतं, आणि डागही पडत नाही. टोकं भिडली म्हणजे आरसा आरन्मुळाचाच असं नव्हे, घासलेलं स्टीलही असंच दिसतं. पण फट दिसली तर निकाल तिथल्या तिथे लागला.

चेचींनी तरीही माझा आरसा कणीत ठेवला. म्हणाल्या, ‘‘देव बघून घेईल.’’ मला वाटतं, माझं तोंड बघून म्हणाल्या.

घरी येऊन पहिल्यांदा ते बिल उलगडलं. त्यावर लिहिलं होतं: ‘हँडिक्राफ्ट आयटम, 1 नग, 6,200.’ आरन्मुळा नाही, धातू नाही, आरसा हा शब्दसुद्धा नाही. वर जीएसटी क्रमांक नाही, ठळक अक्षरांत ‘एस्टिमेट’. प्रमाणपत्रावर बनवणाऱ्याचं नाव नाही, कुठला अनुक्रमांक नाही. नुसता मजकूर आणि स्टिकर. हे सगळं दुकानात माझ्या हातात होतं. चाळिशी पर्समध्ये होती, ती काढली नाही. परीक्षेच्या पेपरांवर लाल पेनाने ‘प्रश्न नीट वाचा’ असं किती वेळा लिहिलं असेल मी.

तेव्हा कुणी असं काही घेणार असेल तर बिलावर वस्तूचं नाव आणि ती कशाची आहे ते तिथेच लिहून मागा. ‘आरन्मुळा धातूचा आरसा’ एवढे तीन शब्द. अस्सल देणारा लगेच लिहील. नकली देणाऱ्याचा पेन अचानक संपेल. आणि पैसे दुकानाच्या नावावरच जाऊ द्या. जमलं तर कार्डाने द्या, निदान बँकेकडे दाद मागायला जागा राहते.

तक्रार केली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर फोन लावला, तक्रारीचा क्रमांक मिळाला. बिल, यूपीआयची नोंद, डबी, आणि कागदाचं टोक टेकवलेला फोटो, सगळं पाठवलं. तिथे एक उपयोगाची गोष्ट समजली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे कोचीच्या दुकानाविरुद्ध ठाण्यात. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही. हे म्हणतात, सहा हजारांसाठी कुठे हेलपाटे घालतेस. मी म्हणते, निवृत्त माणसाला हेलपाट्यांचं काय? अर्ज लिहून तयार आहे. अडतंय ते बिलावरच्या त्या दोन शब्दांपाशी, कारण मी आरसाच घेतला हे आता मला सिद्ध करायचं आहे.

लग्नात रुखवतावर आरसा होता. चेचींच्या भाचीने चेंगन्नूरहून येताना आरन्मुळ्यात जाऊन आणला. दोन बोटं रुंद, चार हजारांच्या जरा आत, बिलावर बनवणाऱ्याचं नाव. दिसायला माझ्या आरशापुढे अगदीच किरकोळ. विहीणबाईंनी बोट लावायला हात पुढे केला आणि मी ओरडलेच, ‘‘हात लावू नका, डाग पडेल!’’ यांनी माझ्याकडे असं पाहिलं की काय सांगू.

दुकानदाराचं उत्तर जूनमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. मराठीतच. ‘ताई, पुढच्या वेळी जहाजाने याल तेव्हा बदलून देऊ.’ खाली हात जोडलेलं चित्र.