ऑफर स्वीकारली, आता दुसरी आलीय: कोणती वाट धरावी?

हा पेच ९० दिवसांच्या नोटीस पीरियडमुळे पडतो. राजीनामा देऊन, पहिली ऑफर स्वीकारून तुम्ही निवांत बसता आणि शेवटचा महिना उरला की रिक्रूटरचे फोन सुरू होतात. आता तुम्ही लगेच रुजू होऊ शकता, म्हणून भाव वधारतो. अशा वेळी तीन वाटा असतात: पहिलीकडेच जायचं, रुजू होण्याआधी नकार कळवायचा, किंवा पहिलीत रुजू होऊन महिन्याभरात सटकायचं.

आधी आकडे फोडून बघा. पहिली १२ लाखांची, त्यात व्हेरिएबल (म्हणजे कामगिरीवर अवलंबून, मिळेलच याची खात्री नसलेला भाग) ५ टक्के. दुसरी १४ लाखांची, व्हेरिएबल २० टक्के. व्हेरिएबल वगळलं तर पहिलीत ११ लाख ४० हजार उरतात, दुसरीत ११ लाख २० हजार! दोन्हींतून कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी आणखी वजा होणार ते वेगळंच. दुसरीत जॉइनिंग बोनस असेल तर वर्षाच्या आत सोडल्यास तो परत करावा लागतो का, तेही वाचा. फरक एवढाच असेल तर पहिलीच बरी. काम खरंच वेगळं असेल किंवा रोजचा हिंजवडीचा ट्रॅफिक टळणार असेल, तर गोष्ट निराळी.

‘आधी रुजू तर होऊ, मग बघू’ ही वाट पुष्कळांना सुरक्षित वाटते. मला ती तिन्हींत वाईट वाटते. पीएफ कापला गेला की यूएएनवर, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणाऱ्या तुमच्या पीएफ क्रमांकावर, त्या कंपनीची नोंद बसते, आणि पुढच्या पडताळणीत त्या एका महिन्याचं रिलीव्हिंग लेटर मागतात. बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार, असेल तर आणखी पंचाईत: विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये मुदतीआधी सोडल्यास दोन लाख भरण्याची अट वैध ठरवली.

रुजू होण्याआधी नकार दिला तर पीएफची नोंदच होत नाही. न्यायालय कुणाला जबरदस्तीने नोकरीवर पाठवत नाही. ऑफर लेटरमध्ये नुकसानभरपाईचं कलम आहे का, तेवढं तपासा. त्या कंपनीचं दार मात्र काही वर्षं बंद झालं असं धरून चाला. अपराधी वाटत असेल तर २०२२ आठवा, फ्रेशर्सना महिनोन्‌महिने ताटकळत ठेवून ऑफर मागे घेतल्याच्या बातम्या तेव्हा आल्याच होत्या. कॅम्पस प्लेसमेंट असेल तर जरा थांबा, तिथे कॉलेजचे नियम आणि तुमच्या मागून येणाऱ्या बॅचच्या मुलांच्या संधीही मध्ये येतात.

दुसरीचं लेखी पत्र हाती येईपर्यंत पहिलीला काही बोलू नका. आल्यावर त्याच दिवशी कळवा. मित्राने रेफर केलं असेल तर एचआरच्या आधी त्याला फोन, कारण तोंडघशी तो पडतो. मग दोन ओळींचा मेल: ‘ऑफरबद्दल आभार. मी दुसरीकडे रुजू व्हायचं ठरवलंय, त्यामुळे १ तारखेला येऊ शकणार नाही. गैरसोयीबद्दल दिलगीर आहे.’ नव्या कंपनीचं नाव, पगार, आईचं आजारपण यातलं काही लिहू नका. एचआरचा फोन येईल, तो उचला.