अठ्ठावन्न युनिटची बॅटरी, आल्प्सचे घाट आणि एबीआरपी

म्युनिकमध्ये भाड्याच्या गाडीची किल्ली हातात पडली तेव्हा कळलं की तीन आठवडे खपून केलेलं नियोजन दुसऱ्याच गाडीचं होतं. बुकिंग केलं होतं स्कोडा एन्याकचं, बॅटरी ७७ युनिटची. समोर उभी होती फोक्सवॅगन आयडी थ्री, ५८ युनिटची. करारात बारीक अक्षरात 'किंवा तत्सम' असं लिहिलेलं असतं, ते मी वाचलं होतं. पण 'तत्सम'मध्ये १९ युनिटं गळतील हे काही डोक्यात आलं नव्हतं. (बॅटरीचे किलोवॅट-तास म्हणजे आपली वीजबिलातली युनिटंच. गाडीवाल्यांची भाषा ऐकून घाबरायचं कारण नाही.)

लेक वैतागली. जावयाने मात्र तिथेच फोन काढून 'अ बेटर रूटप्लॅनर'मध्ये, म्हणजे सगळे ज्याला एबीआरपी म्हणतात त्यात, गाडीचं मॉडेल बदललं आणि मिनिटभरात सगळा प्रवास नव्याने मांडून दिला. दोन थांबे वाढले, एक मुक्काम घट्ट झाला, बाकी सगळं जागच्या जागी. माझी वही, जिच्यात मी हाताने गणितं केली होती, ती मला रात्री बसून पुन्हा लिहावी लागली. हे परीक्षण त्या ॲपचं आहे. पण मी तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलंय, त्यामुळे वही मध्ये मध्ये डोकावणारच.

सप्टेंबरातली गोष्ट. आम्ही चौघं: लेक, जावई, हे आणि मी. म्युनिकहून ऑस्ट्रियात त्सेल आम झे, तिथून ग्रोसग्लॉकनरचा घाट ओलांडून लिएन्झ, मग इटलीत बोल्झानो-मेरानोवरून सोल्डा, स्टेल्व्हिओचा घाट, आणि रेशेनच्या खिंडीतून परत म्युनिक.

ॲप स्वीडनमधल्या इटर्निओ कंपनीचं. २०२३मध्ये ती रिव्हियन या अमेरिकन इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी विकत घेतली. इतर कोणत्या कंपन्यांच्या गाड्यांना यात सापत्न वागणूक मिळते असं मला काही दिसलं नाही. गाडीचं मॉडेल, निघतानाचा चार्ज, चार्जरवर पोचताना किती टक्के उरलेले हवेत, मुक्कामी किती, कमाल वेग, जादा वजन, हे सगळं सांगायचं. मग ते चढउतार धरून कुठे किती मिनिटं थांबायचं ते मांडतं. थांबे कमी पण लांब हवेत की जास्त पण छोटे, हेही विचारतं. यांना दर दीड तासाने खाली उतरावंच लागतं, त्यामुळे आमच्या घरात त्या प्रश्नावर मतदान झालं नाही.

पहिल्याच दिवशी फजिती झाली आणि ती सर्वस्वी आमची. वेगाच्या रकान्यात मी १२० भरलं होतं. जर्मनीच्या ऑटोबानवर पाटी नसेल तिथे वेगाला मर्यादा नाही, आणि जावई बहुधा बरेच दिवस त्याच क्षणाची वाट बघत होता. त्सेलला ४१ टक्के घेऊन पोचायचं होतं, पोचलो ३१वर. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, हे वाक्य मी मागच्या सीटवरून दोनदा म्हटलं. "आई, पण पोचलो ना?" एवढंच उत्तर आलं. वजनाचं मात्र मला उलटं वाटत होतं. चार माणसं आणि बॅगा म्हणून मी २५० किलो जादा भरले, तर ग्रोसग्लॉकनरच्या अख्ख्या चढावर फरक पडला जेमतेम दोन-सव्वादोन टक्क्यांचा. गाडीला सामानापेक्षा उजवा पाय जड जातो.

आता घाट. १९३५मध्ये खुला झालेला हा रस्ता ४८ किलोमीटरचा, हेअरपिन वळणं ३६, आणि माथ्यावर, होखटोरला, तो २,५०४ मीटरवर जातो. इलेक्ट्रिक गाडीला टोल थोडा कमी पडतो. त्सेलजवळची पायथ्याची उंची साधारण ७६० मीटर. मध्ये एक उतार येऊन पुन्हा चढ आहे, तो धरला तर एकूण चढाई १,९०० मीटरच्या पुढे जाते. माणसांसकट २,१५० किलोची गाडी तेवढी उचलायला, वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची, ११.२ युनिटं लागतात. नुसती उचलायला. ५८ युनिटच्या बॅटरीचे ते १९ टक्के झाले. टायरचं घर्षण आणि मोटरमधला ऱ्हास वेगळा. आम्ही ९० टक्क्यांवर निघालो होतो. ॲप म्हणालं माथ्यावर ६३, वही म्हणाली ६५, गाडी म्हणाली ६४. जावयाने माझ्याकडे आदराने पाहिलं, निदान मला तसं वाटलं.

ही एक गोष्ट डोक्यात बसली की डोंगरातलं अर्धं नियोजन सुटतं. दर हजार मीटरला अशी भरलेली गाडी सहाएक युनिटं मागते, रस्ता दहा किलोमीटरचा असो की तीस. डॅशबोर्डवरचा 'उरलेले किलोमीटर' हा आकडा चढ सुरू झाल्यावर भराभर कोसळतो आणि लोकांचा धीर सुटतो. ॲपच्या आलेखात उंचीची रेघ आणि बॅटरीची रेघ एकत्र दिसते, एक चढते तशी दुसरी उतरते. यांना ॲपमधलं दुसरं काही कळलं नाही, हा आलेख मात्र ते दर तासाला मागून बघायचे.

पास्टर्झे हिमनदी बघायला फाट्याने वर गेलो, ते नियोजनात नव्हतं. जाऊन-येऊन चार टक्के. मग पलीकडच्या हाइलिगेनब्लूट गावात उतरलो तर गाडीत ६६ टक्के, माथ्यापेक्षा दोन जास्त. उतारावर मोटर जनित्र होते, हे मी किती मुलांना फळ्यावर शिकवलं असेल. टक्के वाढताना पहिल्यांदा पाहिले ते इथे.

तिसऱ्या दिवशीचा टप्पा अवघड होता. बोल्झानो २६२ मीटरवर, सोल्डा १,९०० मीटरवर. शेवटचे शंभर किलोमीटर, पण ते पठारावरचे दीडशे समजायचे. ॲपने मेरानोच्या अलीकडे थांबा दिला. तिथे दोन चार्जर. एकाचा पडदा मेलेला, दुसऱ्यावर एक गाडी लावून मालक गायब. चार्जर कोणाचा ते लिहीत नाही, असं कुठेही होऊ शकतं. आमच्याकडे तेव्हा २१ टक्के होते. ते २१ होते याचं कारण 'चार्जरवर पोचताना उरलेले' या रकान्यात मी हट्टाने २० भरले होते. जावयाच्या मते १० पुरले असते, वेळ वाचला असता. पुढच्या गावातला ५० किलोवॅटचा चार्जर बारा किलोमीटरवर निघाला. जुना होता, साधं बँकेचं कार्ड घेत नव्हता. लेकीकडे चार्जिंगचं कार्ड होतं म्हणून निभावलं. युरोपीय संघात १३ एप्रिल २०२४पासून बसवलेल्या ५० किलोवॅट आणि त्याहून मोठ्या सार्वजनिक चार्जरवर कार्डाने पैसे घेणं बंधनकारक आहे, पण डोंगरात त्याआधीचे पुष्कळ उभे आहेत. एक चार्जिंग कार्ड जवळ ठेवाच. आणि घाटाच्या पायथ्याला २० टक्के उरले पाहिजेत, यावर मी अजून ठाम आहे.

सोल्डातल्या हॉटेलात ११ किलोवॅटचा चार्जर होता. आयडी थ्रीची रिकामी बॅटरी त्यावर साधारण सहा तासांत भरते, म्हणजे झोपेत. मुक्काम निवडताना मी खोलीच्या फोटोंआधी हे बघते आता. एक चूक केली: सवयीने १०० टक्के भरू दिली. सकाळी निघालो तो थेट खालच्या गोमागोई गावापर्यंत उतार, सहाशेवर मीटर. बॅटरीत जागाच नाही तर मोटर वीज ठेवणार कुठे? बी गिअर (उतारावर मोटरनेच गाडी धरून ठेवणारा) टाकूनही गाडी नेहमीसारखी धरेना, सगळा भार ब्रेकवर. या गाडीला मागे ड्रम ब्रेक आहेत हे जावयाने नेमकं त्याच वेळी सांगितलं. उंचावर मुक्काम असेल तर ९० टक्क्यांवर थांबवा. ॲपमध्ये मुक्कामाच्या ठिकाणी निघतानाचा चार्ज ठरवता येतो. मीच तो रकाना रिकामा सोडला होता.

मग स्टेल्व्हिओ. २,७५७ मीटर, या बाजूने ४८ वळणं, प्रत्येक वळणाला क्रमांक. १८२०-२५च्या सुमारास कार्लो डोनेगानी या अभियंत्याने ऑस्ट्रियन साम्राज्यासाठी तो बांधला. सायकलवाले, मोटारसायकलवाले, एक-दोन बसगाड्या. ॲप इथे बंदच ठेवलं, वळणं मोजण्यात सगळे गुंग. माथ्यावर ७९ टक्के. बोर्मिओकडे न जाता उम्ब्राइलच्या खिंडीतून स्वित्झर्लंडात सांता मारियाला उतरलो आणि तिथून पुन्हा इटलीत ग्लोरेन्झाला, तेव्हा ८८. वर चढताना वीस टक्के दिले, साडेअठराशे मीटर उतरून नऊ परत आले. घाटाने घेतलेलं सगळं घाट परत देत नाही. अर्ध्याहून थोडं कमी धरलं की हिशेब चुकत नाही.

उम्ब्राइलनंतर माझा फोन मुका झाला. मी घेतलेलं डेटाकार्ड युरोपीय संघापुरतं होतं आणि स्वित्झर्लंड संघात नाही. ॲपला इंटरनेट लागतं, त्यामुळे सीमेच्या जवळपास फिरणार असाल तर आदल्या रात्री थांब्यांची यादी कागदावर उतरवून ठेवा. वही तिथे कामाला आली, हे मी मुद्दाम मोठ्याने सांगितलं.

परतीचा रस्ता सोपा. रेशेनच्या तलावात बुडालेल्या गावाचा घंटामनोरा पाण्यातून वर आलेला पाहिला, लांडेकजवळ पंधरा मिनिटांत लागेल तेवढा चार्ज घेतला, फर्नची खिंड ओलांडली, म्युनिक.

गुण विचाराल तर पाचापैकी साडेचार. चढउताराचं गणित इतकं नेमकं मांडणारं ॲप माझ्या पाहण्यात नाही. अर्धा गुण कापला तो याचा की ते तुमच्या शब्दावर चालतं, आणि खोटं बोलायला आपल्याला फार वाव देतं. फुकट आवृत्तीत घरी बसून नियोजन उत्तम होतं. चालू हवामान, ट्रॅफिक आणि गाडीच्या पडद्यावर दिसणं यासाठी आम्ही गेलो तेव्हा पैसे भरावे लागत होते. आम्ही एका महिन्याचे भरले आणि परतल्यावर बंद केलं.

ॲप मात्र फोनवर आहे. परवा लेकीचा फोन आला तेव्हा मी फुर्का आणि ग्रिमझेल हे स्वित्झर्लंडातले दोन घाट एका दिवसात बसवत होते. एन्याक धरून ४२ टक्के उरत होते. मग मॉडेल बदलून आयडी थ्रीने करून पाहिलं, कारण काउंटरवर काय मिळेल ते मिळेल.